टोपीवरचा बिल्ला कुणाचा?

रविवारची पहाट, साडेपाचची वेळ. हॉस्टेलच्या ए-विंगमध्ये तेव्हा दोनच आवाज असतात. एक गळक्या नळाचा आणि दुसरा आमच्या डीएमएस बुटांचा. दुसरा आवाज आला की आतून कुणीतरी ओरडतंच, "ए लेफ्ट-राइट, झोपू दे की रे!" तीन वर्षं झाली, विंगमध्ये माझं नाव 'लेफ्ट-राइट' पडलंय. त्याचा राग नाही. पण परवा मेसमध्ये एका फर्स्ट इयरच्या पोरानं विचारलेला प्रश्न मात्र डोक्यातून जात नाहीये.

"दादा, तुमच्या उस्तादांच्या टोपीवर वेगळा बिल्ला आणि तुमच्या टोपीवर वेगळा, असं का?"

मी म्हटलं, "उस्ताद मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ते इथे डेप्युटेशनवर आलेत. आम्ही एनसीसीचे."

"म्हणजे तुमची रेजिमेंट कुठली?"

पोरगं पोळी खात बसलं आणि मी नुसताच आमटीत चमचा फिरवत राहिलो. कारण उत्तर होतं, कुठलीच नाही!

आता तुम्ही म्हणाल, बिल्ल्यानं काय फरक पडतो? पडतो. कॅनडात आर्मी कॅडेटचं प्रत्येक पथक कुठल्या ना कुठल्या रेजिमेंटशी संलग्न असतं. बारा ते अठरा वयाची पोरंपोरी, पण टोपीवर बिल्ला त्या रेजिमेंटचा. ओंटारियो प्रांतात ऑरोरा नावाच्या गावी एका शाळेचं कॅडेट पथक 1905 पासून चालू आहे. ते जोडलेलं आहे टोरोंटोच्या '48 हायलँडर्स' या पलटणीशी. स्कॉटिश परंपरेची पलटण, म्हणून पोरंही किल्ट घालून परेड करतात! ब्रिटनमध्येही आर्मी कॅडेट फोर्सच्या तुकड्या अशाच वेगवेगळ्या रेजिमेंटचे बिल्ले लावतात. ही मुलं सैनिक नसतात आणि पुढे फौजेत जायचं बंधनही त्यांच्यावर नसतं. पण आपल्या पाठीशी कोण उभं आहे आणि चुकलो तर कुणाचं नाव खराब होणार आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आपल्याकडे बिल्ला सगळ्यांना एकच. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत. हे चुकून झालेलं नाही, हेही सांगायला हवं. 1946 साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 1948 साली कायदा झाला आणि त्याच वर्षी 15 जुलैला एनसीसी उभी राहिली. देशाची नुकतीच फाळणी झालेली. आपल्या जुन्या पलटणींची नावं बघा: मराठा, शीख, डोग्रा, राजपूत. कॉलेजच्या पोरांना अशा नावांत वाटून टाकणं त्या काळात कुणाला रुचलं असतं? 'एकता और अनुशासन' हे ब्रीद नंतर, 1980 साली आलं. त्यातही एकता आधी आहे. कॅम्पमध्ये मणिपूरचा कॅडेट आणि लातूरचा कॅडेट एकाच तंबूत झोपतात, ते या एकाच बिल्ल्यामुळे. ते मला मान्य आहे, अगदी शंभर टक्के.

पण जे सगळ्यांचं असतं, ते हळूहळू कुणाचंच राहत नाही. कॉमन रूमचा टीव्ही आठवा. फर्स्ट इयरला ग्राउंडवर तीन भरगच्च रांगा असतात, थर्ड इयरला एक रांग उभी करताना उस्तादांचा घसा बसतो. जे उरतात त्यांना विचारा, "का आलास?" उत्तर ठरलेलं, "सी सर्टिफिकेट." सर्टिफिकेट वाईट नाही. त्याच्या जोरावर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं, तिथून ओटीए चेन्नई. पण एका कागदासाठी माणूस किती पहाटे उठेल?

मी टिकलो त्याचं कारण वेगळं आहे. सेकंड इयरला आमचा अटॅचमेंट कॅम्प लागला. बारा दिवस एका इंजिनिअर रेजिमेंटमध्ये राहायला मिळालं. दुसऱ्या दिवशी बेली ब्रिजचं पॅनेल समोर ठेवलं. दहा फूट लांब, वजन 570 पौंड, म्हणजे जवळजवळ 260 किलो. उचलायला सहा माणसं. सुभेदार साहेब सातारकडचे. म्हणाले, "काय रं इंजिनिअर, ट्रसचं गणित येतं न्हवं? मग ते वहीत. हितं उचला." पहिल्यांदा उचललं तेव्हा आम्ही सहा जण सहा दिशांना गेलो. साहेब हसले नाहीत. "सहा माणसं न्हाईत ती, एकच माणूस हाय बारा हातांचा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा उचलायला लावलं. संध्याकाळपर्यंत पॅनेलला पॅनेल जोडून, पिना ठोकून पूल उभा राहिला आणि त्यावरून ट्रक गेला! स्ट्रक्चरच्या लेक्चरला ट्रस मेंबरमधला 'टेन्शन' मला कधी समजला नव्हता, त्या दिवशी समजला. दोन्ही अर्थांनी.

रात्री साहेबांनी रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली. कारवारजवळच्या चेंडिया गावचा माणूस, 1940 साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झालेला. एप्रिल 1948, नौशेरा-राजौरी रस्ता. वाटेत सुरुंग आणि झाडं आडवी टाकून केलेले अडथळे, वरून मशीनगन आणि मॉर्टरचा मारा. राणे जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. चालत्या रणगाड्याखाली सरपटत गेले आणि सुरुंग दिसला की दोरी ओढून चालकाला इशारा देत राहिले. रणगाड्यांना वाट मिळाली, राणेंना परमवीर चक्र, तेही हयातीत. चार वर्षं सिव्हिल शिकून मी हे नाव एकदाही ऐकलं नसतं. ज्या पलटणीचा हा माणूस, त्या बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आपल्या पुण्यात, खडकीला आहे! 2018 साली मुंबईत एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधला, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर टाळ्या वाजवल्या. मग इंजिनिअरिंग कॉलेजचं एनसीसी युनिट आणि इंजिनिअर पलटण यांचं कायमचं नातं का असू नये?

माझं म्हणणं एवढंच आहे. जातीच्या, प्रांताच्या नावानं नको, कामाच्या नावानं जोडा. इंजिनिअरिंगवाल्यांना सॅपर्स, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सिग्नल्स. एनसीसीत तांत्रिक युनिटं आहेतच, म्हणजे कल्पना परकी नाही. एनसीसीचा बिल्ला काढा असंही मी म्हणत नाही; पण प्रत्येक बॅचला एकदा तरी त्याच पलटणीत राहायला मिळावं, तिथल्या एखाद्या साहेबांनी वर्षातून एकदा इथे यावं. अटॅचमेंट कॅम्पच्या जागा मोजक्या असतात. मला मिळाली ते नशीब. माझ्या रूम पार्टनरला नाही मिळाली आणि त्यानं थर्ड इयरला युनिफॉर्म परत केला.

यावर कुणी म्हणतं, कॉलेजची छावणी करायचीय का? नाही बाबा. 1963 साली, चीन युद्धानंतर, एनसीसी सक्तीची केली होती आणि 1968 साली पुन्हा ऐच्छिक करावी लागली. सक्तीनं काय होतं ते तेव्हाच दिसलं. आजही कॅडेटवर फौजेत जायचं कायद्यानं कसलंही बंधन नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पलटणींना सीमेवरची कामं सोडून आपल्याला पूल शिकवायला वेळ कुठे? म्हणून तर बारा दिवस म्हणतोय, बारा महिने नाही.

बिल्ल्याचं दिल्लीला ठरेल. पण एक गोष्ट आपल्या कॉलेजच्या हातात आहे आणि ती लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवणार नाही. त्या बारा दिवसांची माझी प्रत्येक विषयाला गैरहजेरी लागली. एएनओ सरांचं पत्र होतं, तरी लागली. दोन प्रॅक्टिकल बुडाली, जर्नल सही न होता परत आलं आणि डिटेन्शनच्या यादीत नाव झळकलं. एका सरांनी तर विचारलं, "कवायत करून प्लेसमेंट मिळते का?" 2021 साली युजीसीनं एनसीसी हा क्रेडिटचा ऐच्छिक विषय म्हणून ठेवायला विद्यापीठांना सांगितलंय. इथे क्रेडिट राहू द्या, निदान हजेरी तरी द्या!

या मागणीचा अर्ज आम्ही अकरा जणांच्या सह्यांनिशी ऑफिसात दिला आहे. आवक क्रमांक पडलाय, उत्तर यायचंय. तोवर मेसमधल्या त्या पोराला मी रविवारी पावणेसहाला ग्राउंडवर बोलावलंय. येतो म्हणालाय. बूट माझेच देणार आहे, एक नंबर मोठे होतील त्याला.

– तृतीय वर्ष, स्थापत्य