‘ओळखता आले नाही’ असे सांगणारे यंत्र हवे

रेडिओ लहरीवर माहिती कोणत्या पद्धतीने चढवली आहे, म्हणजे तिचे मॉड्युलेशन कोणते, हे यंत्राला आपोआप ओळखता येते आणि हा प्रश्न आता सुटला आहे, असा समज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत रुजत चालला आहे. त्याला आधार आहे. २०१६ साली टिमोथी ओशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहरीचे कच्चे नमुने थेट न्यूरल नेटवर्कला दिले आणि गणिताने बेतलेल्या जुन्या पद्धतींपेक्षा ते सरस ठरल्याचे दाखवले. त्यांच्या ‘रेडिओएमएल’ संचात ११ प्रकारची मॉड्युलेशने आहेत. आज कोणीही तो संच उतरवून घेतो, नेटवर्क शिकवतो आणि अचूकतेची टक्केवारी मांडतो. त्या टक्केवारीवरून आपल्या वर्ध्याच्या हवेतल्या रेडिओ लहरींविषयी निष्कर्ष काढण्याला माझा विरोध आहे.

त्या संचातल्या चुकाच पाहा. नेटवर्क एफएम प्रसारणाला वारंवार एएम समजते, कारण बोलणारा क्षणभर थांबला की दोन्हींत फक्त वाहक लहर उरते. त्या तुकड्यात ओळखण्याजोगे काही नसतेच. १६-क्यूएएम आणि ६४-क्यूएएम यांच्यातला गोंधळ तर मुळातलाच आहे. चौथ्या कोटीचा क्युम्युलंट हे या प्रकारांना वेगळे करणारे जुने माप. बीपीएसकेसाठी त्याचे मूल्य, धन-ऋण सोडून, २ येते, क्यूपीएसकेसाठी १, पण १६-क्यूएएमसाठी ०.६८ आणि ६४-क्यूएएमसाठी ०.६१९. एवढा बारीक फरक दिसायला पुष्कळ नमुने लागतात. संचातल्या एका उदाहरणात नमुने १२८ च आहेत. एका चिन्हामागे आठ नमुने धरले तर चिन्हे सोळाच भरतात. ज्या रचनेत ६४ बिंदू आहेत, तिचे निम्मे बिंदूही त्यात दिसणार नाहीत. जी माहिती आलीच नाही, ती कितीही खोल नेटवर्क कुठून आणणार?

यावर कोणी म्हणेल, उदाहरणे लांब करा, विदा वाढवा. २०१८ च्या पुढच्या संचात तसे केलेही: २४ प्रकार, १०२४ नमुने, काही भाग प्रत्यक्ष प्रक्षेपणातून घेतलेला. ही प्रगती खरीच. पण विदा वाढवताना ती कुठली, हेही विचारले पाहिजे. वर्ध्यात आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झवरचे एएम येते, भोवती मोबाइलचे टॉवर आहेत, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात सेन्सर बोलू शकतात. सेवाग्रामहून २५ किलोव्होल्टची रेल्वेतार जाते, शेतातल्या पंपांचे स्टार्टर ठिणग्या टाकतात, पावसाळ्यात विजा मध्यम लहरी फाडतात. हा गोंगाट झटक्याझटक्यांनी येतो. प्रयोगशाळेत सहसा गृहीत धरलेला गॉसियन गोंगाट तसा नसतो.

दुसरा आक्षेप असा की हा खटाटोपच कशाला, ४जी फोनला मॉड्युलेशन कोणते ते टॉवरच सांगतो. बरोबर आहे, आणि म्हणूनच यंत्राची खरी गरज तिथे नाही. ती आहे कोणी काही सांगत नाही तिथे: अनोळखी प्रक्षेपण शोधताना, एकमेकांत मिसळलेले संकेत वेगळे करताना. तिथे ११ नावांपैकी एक चिकटवणेच भाग असलेले यंत्र बाराव्या प्रकारालाही ठामपणे खोटे नाव देईल.

म्हणून माझे म्हणणे असे. वर्धा, सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी उघड प्रसारणांचे आणि स्वतःच्या परवानामुक्त उपकरणांचे नमुने इथेच, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नोंदवावेत. नेटवर्कशेजारी क्युम्युलंटचे गणित ठेवावे आणि दोघांचे उत्तर जुळले नाही तर यंत्राने ‘ओळखता आले नाही’ असे सांगावे. त्याने टक्केवारी घटेल, हे मान्य. पण संकेताच्या मागावर निघालेल्या माणसाला कबूल केलेले अज्ञान पुन्हा मोजायला लावते, तर चुकीचे नाव त्याला भलत्याच दिशेला पाठवते. अहवालात किती बरोबर याच्या बरोबरीने किती वेळा आणि कशामुळे ओळखता आले नाही, हा आकडा आला पाहिजे. तो नसेल, तर ‘प्रश्न सुटला’ हे विधान तपासलेलेच नाही.