कुंचल्यामागचा फासा

चित्रकलेच्या तासाला बाकावर जे साहित्य मांडले जाते, त्यात सर्वांत निरुपद्रवी दिसणारी वस्तू म्हणजे कुंचला. रंगाच्या वड्या, पाण्याची वाटी, कोरा कागद आणि शेजारी लाकडी दांड्याचा तो लहानसा कुंचला; यापायी कोणा प्राण्याचा जीव गेला असेल अशी शंका सहसा मनास शिवत नाही. तथापि आमच्या देशात कित्येक दशके बारीक टोकाचे उंची कुंचले मुंगुसाच्या केसांचे बनविले जात आले आहेत, आणि हे केस जिवंत मुंगुसाच्या अंगावरून कोणी अलगद कातरून आणीत नाही. जाळे वा फासा लावून मुंगूस पकडावयाचे, ते ठार करावयाचे, आणि मग त्याचे केस काढून दलालाच्या हाती द्यावयाचे, असा या धंद्याचा क्रम आहे. केसाळ कातड्यांचा व्यापार म्हटला म्हणजे वाघ-बिबळ्यांची कातडी किंवा शीत देशांतील धनिकांचे लोकरीसारखे मऊ कोट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्याच व्यापाराची एक बारीक शाखा विद्यार्थ्यांच्या दप्तरापर्यंत येऊन पोचली आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते. म्हणूनच या व्यापारावर शासनाने घातलेले निर्बंध योग्य आहेत काय, आणि योग्य असल्यास पुरेसे आहेत काय, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

मुंगूस हा काही दूरच्या अरण्यातील अपरिचित प्राणी नव्हे. भारतात त्याच्या सहा जाती आढळतात. त्यांपैकी करडे मुंगूस आमच्या माळव्यातील शेतांच्या बांधांवर, काटेरी कुंपणांच्या आडोशाला, गावाच्या वेशीपाशीदेखील दिसते. ते समोरून आडवे गेले की आपल्या घरांतील मुले त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवावयास सांगतात, आणि त्याचे मुखदर्शन शुभ मानतात. पंचतंत्रातील ब्राह्मणाच्या घरच्या इमानी मुंगुसाची गोष्ट ज्याने ऐकली नाही असा मराठी मुलगा विरळाच. शिवाय उंदीर, किडे व साप खाऊन ते शेतकऱ्यावर नित्य उपकार करीत असते. अशा या शेजाऱ्याच्या केसांवर फिकट व गडद रंगांचे पट्टे असतात. हे केस ताठ असून त्यांचे टोक निमुळते असते आणि त्यांत रंग चांगला धरून राहतो. हा गुणच त्याच्या मुळावर आला आहे.

आता थोडे गणित करू. वन्यजीवांच्या अभ्यासकांनी केलेल्या हिशेबानुसार एका मुंगुसापासून कुंचल्याच्या उपयोगाचे केस सुमारे २० ग्रॅम मिळतात. म्हणजे एक किलो केसांसाठी किमान ५० मुंगुसे मारावी लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र शासनाच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घातले. कुंचल्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्याचे शेरकोट, राजस्थानातील जयपूर, तसेच आपल्या परिचयाची मुंबई व पुणे ही शहरे त्यांत होती. त्या वेळी हजारो कुंचले आणि सुमारे १०० किलो कच्चे केस हाती लागले. वरील हिशेब लावला तर नुसत्या त्या कच्च्या केसांमागे ५,००० मुंगुसांचे प्राण गेलेले दिसतात. हा केवळ सापडलेला माल. जो सापडला नाही त्याची मोजदाद कोणी करावी?

असा व्यापार चालू होता तो कायदा नव्हता म्हणून नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. २००२ साली मुंगुसाला त्या अधिनियमातील अधिक कडक संरक्षणाच्या अनुसूचीत घालण्यात आले, आणि या वर्गातील गुन्ह्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. वन्य प्राण्याचा कोणताही अंश जिच्यात वापरला आहे अशी प्रत्येक वस्तू या कायद्याच्या व्याख्येत येते; अर्थात कुंचलाही येतो. तात्पर्य, २००२ ते २०१९ या १७ वर्षांत कायदा पुस्तकात होता आणि कुंचला दुकानात होता. या विसंगतीचे कारण शोधल्यावाचून कायद्याची स्तुती अथवा निंदा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

काही लोक प्रथमच असा आक्षेप घेतात की, मुंगूस विपुल आहे. जो प्राणी दुर्मिळ नाही त्याच्यासाठी एवढा कडक निर्बंध कशाला? या आक्षेपास इतिहासाने उत्तर देऊन ठेवले आहे. उत्तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर सागरी पाणमांजर एके काळी असेच विपुल होते. १७४१ साली बेरिंगच्या सफरीनंतर त्याच्या कातड्याची कीर्ती व्यापाऱ्यांच्या कानी गेली, आणि पुढील दीडशे वर्षांत ते इतके मारले गेले की काही थोड्या जागी तुरळक कळप तेवढे उरले. विपुलता हे संरक्षण नव्हे. ती केवळ विनाशास लागणाऱ्या कालाची मुदत होय. प्राणी दुर्मिळ झाल्यावर कायदा करणे म्हणजे घर जळून गेल्यावर विहीर खणणे होय.

त्याच समुद्रातील दुसरी हकीकत मात्र आशादायक आहे, आणि निर्बंध यशस्वी कसा होतो हे ती उत्तम रीतीने शिकविते. केसाळ कातड्याचे सील प्राणी अलास्काजवळच्या प्रिबिलोफ बेटांवर पिले घालण्यासाठी येत. जपानचे व कॅनडाचे शिकारी त्यांना उघड्या समुद्रात गाठून मारीत. त्यांत माद्या मोठ्या संख्येने मरत, आणि बेटावर वाट पाहणारी पिले उपासमारीने मरत. अखेर १९११ साली अमेरिका, ब्रिटन, जपान व रशिया या चार राष्ट्रांनी करार करून उघड्या समुद्रातील ही शिकार बंद केली. परंतु नुसते "बंद करा" एवढेच सांगून ती राष्ट्रे थांबली नाहीत. ज्यांचा धंदा बुडणार होता त्यांचाही विचार करण्यात आला. अमेरिकेला आपल्या बेटांवर नियंत्रितपणे मिळणाऱ्या कातड्यांपैकी शेकडा १५ जपानला व शेकडा १५ कॅनडाला द्यावयाची, असे त्या करारात ठरले. प्राणी जगला तर आपलाही लाभ आहे, हे शिकार सोडणाऱ्यास प्रत्यक्ष दिसले. पुढील तीन दशकांत ते कळप पुन्हा वाढले. ज्या निर्बंधात सोडणाऱ्याच्या पोटाची तरतूद असते तो निर्बंध पाळला जातो, हे आमच्या मते या कराराचे सार आहे.

मुंगुसाच्या बाबतीत हेच सार विसरले गेले. फासा लावणारा मनुष्य बहुधा भटक्या जमातींतील, भूमिहीन आणि निरक्षर असतो. किमतीचा मोठा वाटा दलाल, कारखानदार व दुकानदार यांच्याकडे जातो; त्याच्या पदरी चार पैसे पडतात. कायद्याचा हात मात्र प्रथम त्याच्यापर्यंत पोचतो, कारण तो उघड्यावर असतो आणि त्याच्यामागे वकील उभा नसतो. येथे एका गोष्टीचे स्मरण ठेवणे अवश्य आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. स्वतंत्र भारताने तो कलंक १९५२ साली पुसला. प्राण्यांवरील दयेच्या नावाखाली तोच कलंक पुन्हा त्यांच्या कपाळी लावला जाऊ नये. एखाद्याने गुन्हा केला तर त्याला शिक्षा व्हावी. त्याच्या जमातीला होऊ नये.

पोटाची तरतूद करणे शक्य आहे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. ते शक्य आहे, आणि याचे उदाहरण परदेशात शोधावयास नको. तमिळनाडूतील इरुळा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या साप पकडीत. सापांच्या कातड्यांची परदेशी मागणी वाढली तेव्हा त्यांची विद्या कातडी मिळविण्याच्या कामी लागली. १९७२ च्या अधिनियमानंतर हा व्यापार बंद झाला आणि त्यांच्या चुली थंडावल्या. तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली चेन्नईनजीक इरुळा सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. शासनाच्या परवान्याने साप पकडावयाचे, त्यांचे विष काढून घ्यावयाचे आणि काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा रानात सोडून द्यावयाचे, असे तिचे कार्य आहे. त्या विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. जी विद्या कातड्यासाठी साप मारीत होती, तीच विद्या आता शेतकऱ्यांचे प्राण वाचविते. २०२३ साली या जमातीतील वडिवेल गोपाल व मासी सदैयन या दोघा सर्पमित्रांना पद्मश्री देऊन राष्ट्राने गौरविले. केवळ दंडा उगारून हे परिवर्तन घडले नसते, आणि बंदीवाचूनही ते घडले नसते. निर्बंध व निर्वाह या दोहोंची जोड पडली म्हणून ते घडले.

आता कलावंतांचा आक्षेप पाहू. ते म्हणतात, मुंगुसाच्या केसांच्या कुंचल्याने जी बारीक रेषा निघते ती कृत्रिम तंतूंच्या कुंचल्याने निघत नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्यास थट्टेने उत्तर देणे योग्य नव्हे. परंतु कला ही साधनाची दासी आहे काय? ठाणे-पालघरकडील वारली चित्रकार बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करतात आणि तांदळाच्या पिठाने भिंतीवर अवघे जग उभे करतात. त्या परंपरेतील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेत कोणास काही उणे दिसले नाही. शिवाय कृत्रिम तंतूंचे चांगले कुंचले आज बाजारात मिळतात, आणि मागणी वाढली तर ते अधिक चांगले होतील. पाच-पंचवीस मुंगुसांच्या मोलाने विकत घेतलेला बारकावा विद्यार्थ्याच्या चित्रास मुळीच आवश्यक नाही, एवढे तर कोणताही कलाशिक्षक मान्य करील.

या सर्वांचा विचार करता आमचे मत असे आहे की, शासनाचा निर्बंध न्याय्य आहे. किंबहुना तो अधिक दृढ व्हावा. मात्र त्याची दिशा बदलली पाहिजे. फाशाच्या टोकाशी बसलेल्या दरिद्री मनुष्यापेक्षा दुकानाच्या टोकावर त्याची दृष्टी अधिक कठोर असावी. त्यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. एक, प्रत्येक कुंचल्यावर तो कोणत्या केसांचा वा तंतूंचा आहे हे छापण्याची सक्ती असावी. दोन, शाळा, कलाविद्यालये व सरकारी कचेऱ्या यांनी केवळ कृत्रिम तंतूंचेच कुंचले विकत घ्यावेत, म्हणजे प्रामाणिक कारखानदाराला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल. तीन, मुंगूस पकडणाऱ्या कुटुंबांना व शेरकोटसारख्या गावांतील कारागिरांना नव्या धंद्यासाठी शिक्षण व भांडवल द्यावे. कारागिराचे हात तेच राहतील, फक्त हातातील केसांच्या जागी तंतू येईल.

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. स्वतः काय करावे हे सांगताना जीभ अडखळते. परंतु या प्रश्नात विद्यार्थ्यांच्या हाती खरोखरच काही सामर्थ्य आहे. कोणताही व्यापार गिऱ्हाइकावर जगतो, आणि रंगांच्या दुकानातील नित्याचे गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी. कुंचला घेताना त्याचे केस निरखून पाहावेत, तो कशाचा आहे असे दुकानदारास नम्रपणे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर दुसरा मागावा. एका विद्यार्थ्याने विचारले तर दुकानदार हसेल. पण वर्गच्या वर्ग विचारू लागला तर पुढील खेपेस तो आपण होऊनच दुसरा माल मागवील. पालकांनीही मुलांच्या या विचारण्यास आगाऊपणा समजू नये. बांधावरून जाणाऱ्या मुंगुसाला तोंड दाखवावयास सांगणाऱ्या मुलांनी त्याच्या जिवाची चौकशी दुकानात करावी, यात गैर ते काय?