भांड्यांवरचा कर उतरला, पण घासणीचं काय? चांगली घासणी बाजारात ओळखायची कशी

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरचा करही 18 वरून 5 टक्के झाला. भांडी घासायची वडी आणि लिक्विड मात्र 18 टक्क्यांतच राहिले. म्हणजे पातेलं स्वस्त, ते घासायचा खर्च आहे तिथेच.

त्याआधी, 14 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारनं स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला होता. भांडं कोणत्या धातूचं असावं, त्याची प्रत काय असावी, यावर आता नियम आहे. त्या भांड्यावर दिवसातून दोन-तीनदा जी वस्तू फिरते, त्या घासणीसाठी अशी कोणतीही सक्ती नाही. तिची प्रत ठरवतो दुकानदार, नाहीतर गिऱ्हाईक.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या बाजारगावात हे ठळकपणे दिसतं. आसपासच्या खेड्यांतली माणसं किराणा भरायला इथेच येतात. दुकानाच्या दाराला तारेच्या घासण्यांची माळ आणि हिरव्या पॅडचे पट्टे लटकलेले असतात. काहींवर कंपनीचं नाव असतं, काहींवर नावाशी जुळणारं नाव, तर काहींवर काहीच नाही. एकदा आणलेली घासणी महिनाभर टिकते आणि तशीच दिसणारी दुसरी आठवड्यात पापडासारखी चपटी होते. हा फरक नशिबाचा नाही. त्यामागे साधी कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात.

राख गेली, काथ्या गेला

दोन पिढ्यांपूर्वी घासणी विकत आणायचा प्रश्नच नव्हता. नारळाची शेंडी किंवा काथ्या आणि चुलीतली राख, एवढ्यावर भागत असे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते पाण्यात अल्कधर्मी होतं आणि भांड्यावरच्या तेलाशी मिसळून तिथल्या तिथे थोडासा साबण तयार करतं. गोवरीच्या राखेत बारीक सिलिकाही असते, ती घासायचं काम करते. आज वडी आणि घासणी मिळून जे करतात, ते राख एकटी करत होती.

चूल कमी झाली तशी राख कमी झाली. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं गॅस खेड्यांत आणखी आत नेला. भांडी घासायची व्हिमची वडी भारतात 1993 मध्ये आली होती. तिच्यासोबत हिरवं पॅडही घराघरांत पोचत गेलं. आज अनेक घरांत कुठल्याही कंपनीच्या हिरव्या घासणीला ‘स्कॉचब्राइट’ म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणायचे. हे मूळ नाव अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीचं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिनं हा प्रकार बाजारात आणला.

हिरव्या पॅडमध्ये नेमकं असतं काय?

हे पॅड विणलेलं नसतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे धागे एकमेकांत वेडेवाकडे गुंतवून त्याची जाळीदार गादी करतात. तिच्यावर डिंकासारखं काम करणारं रेझिन आणि त्यात मिसळलेली कठीण खनिजाची पूड फवारतात, मग ते भाजून पक्कं करतात. हिरव्या पॅडमध्ये ही पूड बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची असते. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मोस मापावर हे खनिज 9 वर आहे. हिरा 10 वर आणि काच साधारण साडेपाचवर. हिरवं पॅड करपलेलं पिठलं खरवडून काढतं ते यामुळेच, आणि काचेच्या ग्लासवर, मोबाइलच्या पडद्यावर किंवा नॉनस्टिक तव्यावर ते चालवू नये तेही यामुळेच.

याच जाळीत कठीण पूड घातली नाही किंवा अगदी मऊ पूड घातली की पांढरं किंवा निळं पॅड होतं. ते नॉनस्टिक आणि काचेसाठी. रंगांची ही वाटणी सर्वसाधारण प्रथेची आहे, कायद्याची नाही. त्यामुळे पाकिटावर ‘नॉनस्टिकसाठी चालेल’ असं लिहिलं आहे का, ते वाचूनच घ्यावं.

स्वस्त पॅड लवकर का मरतं, याचं उत्तर रेझिनमध्ये आहे. धागा महाग, रेझिन महाग. दोन्हींत काटकसर केली की पूड फक्त वरच्या थराला चिकटते. पहिल्या दोन दिवसांत पॅड झकास घासतं, मग पूड गळून जाते आणि हातात राहतो तो हिरवा चिंधा.

दुकानात पाकीट फोडता येत नाही, पण सुटं पॅड असेल तर उजेडाकडे धरून पाहावं. जाळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ नको. मुठीत दाबून सोडलं की ते पुन्हा फुलायला हवं. पांढऱ्या कागदावर कोरडंच घासल्यावर हिरवी भुकटी पडली तर ते तिथेच ठेवावं. कडेचे धागे चिमटीनं ओढल्यावर सहज निघत असतील तरी तेच. घरी आणल्यावर गरम पाण्यात रंग सुटला, तर पुढच्या वेळी ते नाव लक्षात ठेवून टाळायचं.

पाकीटबंद माल असेल तर त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं 2011 च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. माल परदेशातून आलेला असेल तर देशाचं नावही हवं. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी कोण एवढं वाचतं, हे खरंच. पण ज्या पाकिटावर पत्ताच नाही, त्याच्या प्रतीची जबाबदारी कुणाचीच नसते. तक्रार करायची तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. राज्यात हा विषय वैधमापन यंत्रणेकडे येतो.

तारेची घासणी: चुंबक लावून उपयोग नाही

तारेच्या घासणीबद्दल एक समज सर्रास ऐकू येतो: चुंबक चिकटला की ती लोखंडाची, नाही चिकटला तर स्टीलची. भांड्यांच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे, कारण 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही. घासण्या मात्र बऱ्याचदा 410 किंवा 430 प्रतीच्या स्टीलच्या असतात. ते अस्सल स्टेनलेस असूनही त्यांना चुंबक चिकटतो. स्वस्त घासण्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेच्या असतात. मुलामा झिजला की गंज सुरू. खरी परीक्षा घरीच होते. घासणी रात्रभर ओलीच ठेवा. सकाळी तांबूस पाणी दिसलं, तर ती स्टीलच्या भांड्यांना लावू नका. तिचे लोखंडी कण भांड्यावर राहतात, त्यांना गंज चढतो आणि मग ‘एवढं महागाचं भांडं गंजलं’ असं वाटतं.

तारेच्या घासणीचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. तिची कडी तुटते, तुकडा कढईच्या कडेला अडकतो आणि भाजीतून पोटात जाऊ शकतो. अशी तार घशात रुतल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तार सुटायला लागलेली घासणी ‘अजून चालेल’ म्हणून ठेवण्यात वाचतात ते दहा रुपये.

मग ती वापरायची कुठे? भाकरीच्या लोखंडी तव्याला, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्याला, करपलेल्या कढईला. कल्हई केलेल्या पितळी भांड्याच्या आतून तिला अजिबात फिरवू नये. कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल इतकं मऊ असतं की तार काय, हिरवं पॅडही ते उतरवतं. तिथे काथ्या किंवा मऊ कापडच बरं. बाहेरून पितळ चमकवायला चिंच आहे, पितांबरी आहे.

दोष घासणीचा, की पाण्याचा?

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेचा. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी क्षाराचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला बांधून टाकतं. फेस येत नाही, म्हणून वडी जास्त लागते. भांडं वाळलं की त्यावर पांढुरकं सारवण उरतं. ते काढायला घरातली बाई आणखी जोरात घासते, घासणी झिजते, भांड्याला चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुन्हा क्षार बसतो.

हे सारवण मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. ते घासून नव्हे, आंबटानं जातं. चिंचेचं कोळ, लिंबाचं साल किंवा पाण्यात कालवलेलं व्हिनेगर लावून पाच-दहा मिनिटं ठेवलं की हलक्या हातानं निघतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर मात्र आंबट फार वेळ ठेवू नये. करपलेल्या बुडासाठीही हेच शहाणपण: गरम पाणी घालून अर्धा तास भिजत ठेवलं तर निम्मं काम पाणी करतं. पाण्याच्या टंचाईत हे चैनीचं वाटेल, पण भिजवायला वाटीभर पाणी पुरतं. न भिजवता घासलेलं भांडं विसळायला त्याहून जास्त पाणी जातं.

हा प्रश्न वेळेचाही आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील ज्या बायका बिनपगारी घरकाम करतात, त्या दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात घालवतात. जे पुरुष ते करतात, त्यांची सरासरी 88 मिनिटं. यात भांड्यांचा वाटा किती, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हा हिशेब चार-पाच घरांनी गुणायचा. भिजून मऊ पडलेल्या बोटांना तार लागते, वर वडीतला सोडा झोंबतो, कातडी सोलते. मालकिणीनं घासणी कधी बदलायची हे ठरवायचं आणि चिरा मात्र दुसरीच्या हाताला, अशी ही वाटणी आहे.

बदलायची केव्हा?

2017 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी स्वयंपाकघरातले 14 वापरलेले स्पंज तपासले. काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये 5,400 कोटींपर्यंत जिवाणू सापडले. अधूनमधून उकळलेले वा मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले स्पंज बाकीच्यांपेक्षा कमी भरलेले नव्हते, म्हणून त्यांनी आठवड्याला स्पंज बदलण्याचा सल्ला दिला. ही बातमी तेव्हा जगभर गाजली. पण सगळे जिवाणू रोगकारक नसतात आणि 14 हा नमुनाही लहानच.

आपल्याकडे जास्त कामाचा आहे तो नॉर्वेतला 2021 चा अभ्यास. त्यात साल्मोनेला जिवाणू स्पंजमध्ये टिकून राहिले, भांडी घासायच्या ब्रशवर मात्र लवकर मेले. कारण एकच: ब्रश वाळतो, स्पंज वाळत नाही. सोलापूरच्या उन्हात ही लढाई अर्धी जिंकलेलीच आहे. पिवळ्या फोमची जाड घासणी घेण्यापेक्षा फोम नसलेलं पातळ पॅड घ्यावं, दोन पॅड आळीपाळीनं वापरावेत आणि रिकामं पॅड पिळून उन्हात टाकावं. साबणाच्या डबीत, पाण्यात बुडालेली घासणी ही सगळ्यात वाईट सवय. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा बदलण्याचा वेगच वाढवायला हवा. धुऊनही वास जात नसेल तर ती गेली. मटण-मासे लागलेल्या भांड्यांची घासणी वेगळी असावी.

झिजलेलं पॅड जातं कुठे, हाही प्रश्न आहे. ते नाहीसं होत नाही, बारीक धागे होऊन मोरीतून बाहेर जातं. डाग पुसायच्या पांढऱ्या ‘मॅजिक’ मेलामाइन स्पंजवर 2024 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात झिजलेल्या दर ग्रॅममागे सुमारे 65 लाख सूक्ष्म तंतू सुटत असल्याचं दिसलं. हिरव्या पॅडचा पदार्थ वेगळा, पण तोही प्लॅस्टिकच. 1 जुलै 2022 पासून बंदी आलेल्या एकल-वापर प्लॅस्टिकच्या यादीत घासणी नाही.

कुंपणावरची घासणी

ज्यांना प्लॅस्टिक नको, त्यांच्यासाठी पर्याय कुंपणावरच लोंबत असतो. घोसाळं, काही भागांत ज्याला गिलकं म्हणतात, ते भाजीला न तोडता वेलावरच ठेवायचं. ते पिकून, वाळून तपकिरी झालं आणि हलवल्यावर आत बी वाजायला लागलं की उतरवायचं. साल सोलून, बी झटकून, पाण्यात धुऊन वाळवलं की आतली जाळी हातात येते. एका घोसाळ्याचे तीन-चार तुकडे होतात. दोडक्याचीही अशी जाळी निघते.

तिच्या मर्यादाही आहेत. करपलेल्या कढईपुढे ती हरते. ओली राहिली तर कुजते, म्हणून तिलाही ऊन लागतंच. रोजच्या ताटवाट्या, काच, नॉनस्टिक आणि कल्हईची भांडी यांना मात्र ती पुरते, चरे पाडत नाही आणि संपल्यावर उकिरड्यात मिसळून जाते. शहरातल्या दुकानांत हीच जाळी ‘नॅचरल लूफा’ म्हणून चकचकीत पाकिटात मिळते. ज्याच्या परड्यात वेल आहे, त्यानं यंदा दोन घोसाळी भाजीतून वगळावीत आणि त्यातलं बी पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवावं.