जाळे फाटले तरी कासव जगावे
पावसाळ्यात डहाणूच्या किनाऱ्याला जखमी समुद्री कासवे लागतात. कुणाच्या गळ्याला जाळ्याचा फास, कुणाचा पाय तुटलेला. डहाणूच्या उपचार केंद्रात वनखाते आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशनची पोरे मिळून त्यांच्यावर इलाज करतात. पण वनरक्षक एकटा किती किनारा राखणार? खबर गावातूनच यायला हवी, आणि त्यासाठी शाळेपासून शिकवण हवी.

राहिला मच्छीमाराच्या पोटाचा प्रश्न. जाळे कापून कासव सोडणाऱ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला. मात्र सुटकेच्या वेळचे फोटो पुरावा म्हणून लागतात. हे बंदरावर कळलेच नाही, तर भरपाई कागदावरच राहील. सरपंच, ग्रामसेवकांनी एवढे ग्रामसभेत वाचून दाखवावे.