‘एक्सपीरियन्स’ची उसनवारी

मराठी समीक्षेत ‘अनुभव’ या संज्ञेला आलेले वजन बरेचसे उसने आहे. ते इंग्रजी ‘एक्सपीरियन्स’चे आहे. हा इंग्रजी शब्द कमालीचा बहुअर्थी. नोकरीच्या अर्जात तो वर्षांनी मोजला जातो. अंगावर कोसळलेला प्रसंगही ‘एक्सपीरियन्स’, कारागिराची मुरलेली जाणही तोच आणि साधकाची तंद्रीही तोच. जर्मन भाषेत जगलेल्या क्षणाला ‘एर्लेब्निस’ आणि साचत गेलेल्या जाणिवेला ‘एरफारुंग’ असे दोन शब्द आहेत. मराठीची पुंजी तर याहून मोठी : अनुभव, अनुभूती, प्रत्यय, प्रचिती, भोग. समीक्षकांनी मात्र यांतील अर्थच्छटा पुसून टाकून हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरले.

या सैलपणाची किंमत दलित आत्मकथनांनी मोजली. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. अशा लेखनाच्या वाट्याला ‘अनुभवाची प्रामाणिकता’ हा गौरव हमखास आला आणि त्या गौरवातच एक नकार दडलेला होता : अनुभव अस्सल, म्हणजे कच्चा माल उत्तम, घडणीचा विचार करण्याचे कारण नाही. वास्तविक ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. भोग दगडूचा, त्याचा अन्वय लावणारी जाण लेखकाची. या दोहोंमधील अंतर हीच त्या ग्रंथाची घडण होय. दोहोंना ‘अनुभव’ म्हटले की ते अंतर दिसेनासे होते आणि लेखक केवळ साक्षीदार उरतो.

याच अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे परंपरेनुसार सिद्ध झालेल्या ‘अमृतानुभवा’त अनुभवणारा आणि अनुभवलेले यांतील द्वैत मावळते; ‘बलुतं’मध्ये ते हेतुतः राखले जाते. दोन्ही ठिकाणी एकच संज्ञा लावणारी समीक्षा नेमके काय सांगते?

परिभाषेत एका संकल्पनेला एकच शब्द असावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्तच आहे. परंतु येथे संकल्पनाच एक नाही. परभाषेतील एका शब्दाच्या पोटात पाच गोष्टी कोंबल्या गेल्या, म्हणून मराठीने आपले पाच शब्द एकाच अर्थाला जुंपावेत, ही परिभाषेची शिस्त नव्हे, विचाराचा आळस आहे. ‘भोग’ आणि ‘जाण’ यांत भेद केला, तर दगडूबरोबर दया पवारही दिसू लागतील. दलित लेखकाला कलावंत म्हणून वाचण्याची सुरुवात तेथूनच होईल.