गुडघा दुखतो, तो आळसानं नव्हे

अमरावती-अकोल्यात आपल्या मुली हौसेनं कथक, भरतनाट्यम् शिकतात, परीक्षा देतात. पण एखादी 'आई, गुडघा दुखते व' म्हणाली, की उत्तर ठरलेलं, 'सवय होईन, मंग नाई दुखत!' मला हे अजिबात पटत नाही.

बघा ना, तत्कार म्हणजे तळवा नि टाच सारखी आपटणं. खाली लाकूड असलं तर ते जरा दबतं. सिमेंटवरची फरशी दबत नाही, मग सगळा मार घोटा, नडगी आणि गुडघ्यावर. अरामंडीत पाय वळवायचा तो खुब्यातून. खुबा वळत नसताना नुसते पंजे बाहेर ओढले, तर गुडघा पिळला जातो. यावर अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था 1990 पासून आहे. आणि आपल्या अमरावतीत तर 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे! अंग मोकळं केल्याशिवाय खेळाडू मैदानात उतरत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मग मुलीनंच शाळेतून धावत येऊन थेट घुंगरू का बांधावेत?

'नाचणारी बारीकच हवी' म्हणून तिची भाकरी तर मुळीच कमी करू नका. खाणं कमी नि नाच जास्त झाला, की पाळी थांबू शकते, हाडं कमजोर होतात. तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच.

क्लासच्या ताईंना फी विचारता, तशी फरशीही विचारा. नडगीवर एकाच जागी बोट ठेवून 'इथंच दुखते' म्हणाली, तर परीक्षा पुढच्या वर्षी.