शेजाऱ्याने सामाईक भिंतीच्या पायाखाली खोदलं तर? कायदा काय सांगतो?

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे फाट्यापासून आळे गावापर्यंत जुन्या घरांशेजारी नवी बांधकामं उभी राहतायत. आता समजा, तुमच्या परसबागेची दगड-मातीची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे. आजोबांच्या काळातली. आणि एका सकाळी पलीकडे जेसीबी आला. भिंतीचा पाया दोन फूट, खड्डा आठ फूट.

भिंत लगेच पडत नाही, खरा घोळ इथेच आहे. पायावरचा भार खालच्या मातीत तिरका पसरत जातो, ढोबळमानाने ४५ अंशांत. ती माती काढली की भिंत उरलेल्या मातीच्या जोरावर उभी राहते. उन्हाळ्यात निभावतं. पाऊस पडला की माती भिजून जड होते, तिची पकड सुटते आणि भिंत खड्ड्याच्या बाजूला कलते. काळी माती असेल तर आणखी अवघड, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते.

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. भिंत बांधणारे आणि शेजारी बांधकाम करणारे, दोघांवरही गुन्हा दाखल झाला. तीनच दिवसांनी आंबेगावात (आपला आंबेगाव तालुका नव्हे, पुण्यातलं आंबेगाव बुद्रुक) आणखी एक भिंत पडली, ६ मृत्यू.

मग कायदा काय म्हणतो? इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९६ चा वेगळा कायदा आहे. शेजाऱ्याच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खोदायचं असेल, तर महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्या कामाला येतो तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे लोकांच्या भाषेत वहिवाटीचा.

त्याच्या कलम ७ नुसार शेजारच्या जमिनीने तुमच्या जमिनीला दिलेला नैसर्गिक आधार हा तुमचा हक्क आहे. पण हा हक्क मोकळ्या जमिनीचा, वरच्या भिंतीचा नाही. भिंतीसाठी कलम १५ बघावं लागतं: २० वर्षं विनातक्रार, अखंड आधार मिळाला असेल तर तोही हक्क होतो. म्हणजे जुनी भिंत इथे फायद्याची ठरते.

कलम ३४ मात्र थोडं विचित्र आहे. आधार काढला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, प्रत्यक्ष मोठं नुकसान व्हावं लागतं. मग भिंत पडायची वाट बघायची का? नाही. कलम ३५ नुसार नुकसान अटळ दिसत असेल तर आधीच दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो.

त्यासाठी पुरावा लागतो. त्यामुळे खोदकाम सुरू होण्याआधीच भिंतीचे तारखेसह फोटो काढा, आधीच्या भेगाही त्यात दिसू द्या. शेजाऱ्याला लेखी कळवा, प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या. खोदणं टाळता येत नसेल तर सलग चर मारू देऊ नका. साधारण एक-सव्वा मीटरचा एकेक टप्पा, तोही लागोपाठचा नाही, आधी खोदून खाली काँक्रीट भरायचं, ते पक्कं झालं की पुढचा. वेळ आणि पैसा जास्त जातो, म्हणून ठेकेदार कुरकुर करेल. आणि पावसाळा तोंडावर असेल तर खड्डा उघडा ठेवायला साफ नकार द्या.